सहा अंगठे

अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५

यशोधन,

हे पत्र आप्पांच्या घरात वाढलेल्या दोघांना आहे. एक तू, दुसरी मी. म्हणजे निम्मं पत्र मी मलाच लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. आपल्या दोघांचं एक गाऱ्हाणं तरी अजून सामाईक आहे: भल्याभल्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणारे आपले वडील अ‍ॅडव्होकेट गोपाळकृष्ण घरात मात्र एकही प्रश्न ऐकून घेत नसत. दिवाणखान्यात नवी वस्तू आली की ती आली. कुठून आली, कोणी दिली, विचारायचं नाही. तू एकदा विचारलंस, तर दोन दिवस आप्पा तुझ्याशी बोलले नव्हते.

आपण दोघं तीन वर्षं बोललो नाही. तुझ्या चिखलदऱ्याच्या रिसॉर्टच्या उद्घाटनाला तू मला बहीण म्हणून बोलावलंस, दोन शब्द बोल म्हणालास आणि मी चाळीस मिनिटं बोलले. डोंगर पोखरणाऱ्यांबद्दल बोलले. समोर तुझे सासरे, तुझे पाहुणे, प्रत्येकाच्या हातात पेढा. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण आजचं पत्र त्याबद्दल नाही.

परवा रविवारी मी जामुनढाण्याला गेले होते. मेळघाटातलं कोरकूंचं गाव. तिथल्या ग्रामसभेनं एक दिवसाची सहल सुरू केली आहे. गाव दाखवणारे गाववालेच. रविवारी बारा पाहुणे, तेरावा घेत नाहीत. माझी जुनी विद्यार्थिनी प्रतीक्षा म्हणाली, मॅडम, इतकी वर्षं आदिवासींवर बोलता, एकदा त्यांचं ऐकायला चला. मला राग आला. म्हणून गेले.

गाडी गावाबाहेर मुठव्याच्या ओट्याशी थांबली. मुठवा म्हणजे गाव राखणारा देव. तिथं थांबायचं, आणि गाव बोलवील तेव्हा आत जायचं. अर्धा तास उन्हात उभे होतो. मग फुलमती आली. तिशीची असेल, ग्रामसभेनं पाहुण्यांचं काम तिच्याकडे दिलं आहे. हातात बांबूची टोपली.

"राम राम. फोन याच्यात टाका. जातानी परत भेटतीन."

आमच्यात अकोल्याचे एक उत्तमराव होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अन् नाचाचा व्हिडिओ कसा काढाव मंग?"

"कोनचा नाच, काका?"

"कोरकू नाच. तुमचा. दाखवनार नाही का?"

"आज कोनाचं लगीन हाय का गावात? सन हाय? मंग कायले नाचू?"

"आमी एवढ्या दुरून आलो ना!"

"तुमच्या घरी पाहुना आला त तुमी नाचता का?"

उत्तमरावांनी फोन टोपलीत टाकला. मी मनात टाळी वाजवली. असं उत्तर मला व्यासपीठावर कधी सुचलं नसतं.

समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये रुंद रस्ता, भिंती नुकत्या सारवलेल्या. सकाळभर पाहुण्यांनी बसून राहायचं नाही, काम करायचं, हा नियम. मला कुटकी पाखडायला दिली. मोहरीएवढं धान्य, सुपातून अर्धं मातीत. फुलमतीनं विचारलं, "बाई, तुमी काय काम करता?"

"मी व्याख्यानं देते. बोलते."

"हो, पन काम?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, तरी लागलं.

जेवणानंतर आम्हाला गावामागच्या आमराईत नेलं. एका जुन्या आंब्याखाली मुंडे उभे आहेत. तुला शब्द माहीत आहे, अर्थ कधी आपल्याला कोणी सांगितला नाही. माणूस मेला की काही काळानं, कधी कितीतरी वर्षांनी, त्याच्या नावानं सागाची फळी कोरतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला तो माणूस. मोठा विधी होतो, त्याला सिडोली म्हणतात. तेव्हा ती फळी इथं रोवतात आणि माणूस आपल्या आधीच्या माणसांत जाऊन बसतो. तोवर तो वाटेतच असतो.

तिथं बोलायचं नाही असा नियम होता. फुलमतीनं दोनदा सांगितलं होतं.

मी बोलले, यशोधन. त्या फळ्या पाहिल्या आणि मला राहवलं नाही. मला वाटलं आपण यांच्या किती जवळच्या आहोत हे यांना कळावं. मी म्हणाले, "आमच्याकडेही असा एक मुंडा आहे. लहानपणापासून आमच्या दिवाणखान्यात होता."

झाडाखाली एक म्हातारी बसली होती, फुलमतीची सासू, सोमई आजी. तिनं विचारलं, "त्याच्यावर घोडे किती?"

मी सांगितलं, दोन. पुढच्यावर माणूस, त्याच्या डोक्यावर छत्री. मागच्यावर बाई.

"चांद कोनीकडे?"

डावीकडे. आणि त्या कोपऱ्याला किडीनं खाल्लेलं बोटभर भोक आहे. मला प्रत्येक रेघ पाठ होती. शाळेतून येऊन मी त्या घोड्यांवरून बोट फिरवायची.

सोमई आजी उठली. दोन मुंड्यांच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती. तिथं जाऊन तिनं जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "सासरा माहा. सानू. हितं होता."

ती जागा पंचेचाळीस वर्षं रिकामी आहे. कोणी बुजवली नाही, तिथं दुसरा कोणी उभा केला नाही. सोमई आजीचा नवरा मंसाराम अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुंडा कोरून तयार आहे, घरात आढ्याला बांधून ठेवलाय. मरताना तो सांगून गेला, "बाप जागेवर आल्याबिगर मले उभं करू नका."

मी त्यांना सांगितलं की मुंडा आता तुझ्याकडे आहे, तुझ्या रिसॉर्टमध्ये. तो परत दे. लगेच कळव.

सिंधू

अमरावती
२ डिसेंबर २०२५

यशोधन,

चौदा दिवसांनी तुझा मेसेज आला: "ताई, भाषण संपलं की सांग." 

संपलं नाही.

पण मुंडा तुझ्याकडे कसा आला हे मी मागच्या पत्रात गाळलं, आणि तुला ते माहीत आहेच, म्हणून तू हसला असशील. आमराईत मी नुसतं 'भावाकडे आहे' म्हटलं नव्हतं. "भावानं जबरदस्तीनं नेला" असं म्हटलं. अकरा पाहुणे आणि निम्मं गाव ऐकत असताना. फुलमतीनं मान हलवली, तिला माझी कीव आली. मी ती कीव घेतली.

खरं काय ते लिहून टाकते. वाटणीच्या वेळी तू मला विचारलंस, ताई, तुला मुंडा हवा का पुस्तकं. मी आप्पांची पुस्तकं आणि फायली मागितल्या. मुंड्याचं माझं काम झालं होतं. एकोणीस वर्षं तो माझ्या बाजूला व्यासपीठावर उभा होता. अमरावतीत, अकोल्यात, तेल्हाऱ्याच्या गणेशोत्सवात, वलगावच्या शाळेत. टेबलावर मुंडा, बाजूला मी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सहा कोरकूंना तुरुंगातून सोडवणाऱ्या वकिलाची मी मुलगी, आणि ही त्यांची कृतज्ञता." टाळ्या तिथंच पडायच्या. पुढे मी आदिवासींच्या सन्मानावर तासभर बोलायची, आणि तो सन्मान त्यांचा एक माणूस टेबलावर उभा राहून ऐकायचा.

तुझ्या रिसेप्शनच्या भिंतीत तो बसवलास तेव्हा खाली पितळी पाटी हवी म्हणालास. त्या पाटीवरचा मजकूर मी लिहून दिला आहे. 'मेळघाटची काष्ठकला. कृतज्ञ आदिवासींची भेट.' अक्षर न् अक्षर माझं. आणि त्यानंतर आठ दिवसांनी मी त्याच भिंतीसमोर उभी राहून तुला डोंगर पोखरणारा म्हणाले.

तेव्हा मी स्वच्छ आणि तू अपराधी, असं हे पत्र नाही. आपण दोघांनी मिळून तो माणूस भिंतीत चिणला आहे. पण भिंत तुझी आहे. दार तुझं आहे. मी आत येऊन तो काढू शकत नाही, तू काढू शकतोस. एवढाच फरक आहे, आणि तो पुरेसा आहे.

सिंधू

अमरावती
२० डिसेंबर २०२५

यशोधन,

कागदाचा फोटो मिळाला. वर तुझं वाक्य: "वाच आणि विषय बंद कर. कायदेशीर भेट आहे."

वाचला. आप्पांचं अक्षर, आप्पांची भाषा. 'आम्ही खाली अंगठे करणार, राहणार मौजे जामुनढाणा, वकीलसाहेबांनी आमच्यावरील सागवान तोडीच्या खटल्यात आमची निर्दोष मुक्तता करून दिल्याबद्दल, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, एक नग लाकडी फळी भेट देत आहोत.' खाली सहा अंगठे. तिसरा मंसाराम सानू. ज्यानं बाप दिला तो.

एक नग लाकडी फळी. सानू हे नाव त्या कागदावर मुलाच्या नावामागे येतं, फळीपुढे येत नाही.

कागद पाहून तुझी खात्री पटली असेल, कारण तू तारीख वाचली नाहीस. मी वाचली. अकरा मार्च एकोणीसशे ऐंशी.

मग मी फायली काढल्या, तुझ्या वाटणीत न आलेल्या. खटल्याची फाईल सापडायला तीन दिवस लागले; आप्पांनी ती नेहमीच्या कपाटात ठेवली नव्हती. निकालाची नक्कल तिच्यात आहे. निकाल बारा मार्चला लागला.

बारा मार्चला, यशोधन. आणि निर्दोष सुटल्याबद्दलची कृतज्ञता अकरा मार्चला लिहून झाली होती.

मी दहा वर्षांची होते. तू सहा-सात. आपल्याला काय कळणार? पण आता कळतं ना? सहा माणसं, दुसऱ्या दिवशी निकाल, घरी बायकापोरं, जंगलात पीक उभं. सगळं ज्याच्या जिभेवर टांगलेलं तो वकील समोर कागद ठेवतो. त्यांच्यातला कोण अंगठा नाकारणार होता? 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' हे शब्द वकील तेव्हाच घालतो जेव्हा त्याला ते घालायची गरज वाटते. हे मला आप्पांनीच शिकवलं आहे.

मी त्यांना चोर म्हणत नाही. खटला त्यांनी खरोखर चांगला लढवला, फाईल वाचून मला अभिमान वाटला, आजही वाटतो. त्या सहांनी एका रुपयाचीही लाकूडचोरी केली नव्हती आणि ते आप्पांनी सिद्ध केलं. म्हणून तर हे जास्त झोंबतं. वाईट वकिलानं मागितलं असतं तर त्यांनी कदाचित नाही म्हटलं असतं.

उत्तर दे. फोटो पाठवू नकोस, उत्तर दे.

सिंधू

अमरावती
१३ जानेवारी २०२६

यशोधन,

काल फोनवर तू ओरडलास, ते सगळं मी ऐकून घेतलं. तुझ्या लक्षात राहणार नाही म्हणून लिहून ठेवते, कारण तुझी अवनी मोठी होईल तेव्हा तिला हे वाचता यावं.

तू म्हणालास, "आप्पांच्या नावाच्या व्याख्यानमालेत, आप्पांच्या फोटोखाली उभी राहून तू त्या दोन तारखा वाचल्यास? लाज नाही वाटली?"

वाटली. म्हणूनच वाचल्या.

"तू आप्पांना चोर ठरवलंस."

"नाही. वकील म्हटलं."

"सगळी वकीलमंडळी उठून गेली, ताई!"

सगळी नाही रे. नऊ जण उठले. भगवंतराव पहिल्या रांगेत होते, आप्पांचे ज्युनिअर. ते बसून राहिले. मला खाली भेटून म्हणाले, "सिंधू, तो कागद मीच साफ अक्षरात उतरवणार होतो. आप्पा म्हणाले, हा मी लिहितो." एवढं बोलून ते निघून गेले. एवढं बोलायला त्यांना पंचेचाळीस वर्षं लागली.

व्याख्यानाच्या आधी मी एक काम केलं होतं, तेही सांगते. चार तारखेला मी पुन्हा जामुनढाण्याला गेले. सहलीला नाही, तरी मुठव्याजवळ थांबले. या वेळी लवकर बोलावलं. ओट्यावर बसून सोमई आजीला आणि फुलमतीला सांगितलं की भावानं जबरदस्ती केली हे मी खोटं बोलले. मी आपण होऊन दिला. त्याच्याखालची पाटीही मी लिहिली. मग दोन तारखा सांगितल्या.

मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या, शिव्यांवर मला बोलता येतं.

सोमई आजी म्हणाली, "तारीख आमाले मालूम हाय."

"तुम्हाला?"

"होळी झाल्यावर नेला ना. अन् फैसला दुसऱ्या दिवशी. मंसाराम घरी आला, सुटून आला, सारं गाव नाचलं. हा नाही नाचला. म्या विचारलं, काहून? त म्हने, मी बापाले जामीन ठेवून आलो."

फुलमतीनं चहा पुढे केला आणि म्हणाली, "घ्या बाई. आज तुमी पयल्यांदा कमी बोलल्या."

मग मी तुझ्या डिसेंबरअखेरच्या मेसेजमधला प्रस्ताव सांगितला, कारण तो लपवणं बरोबर नव्हतं. तुझं म्हणणं असं की मूळ मुंडा भिंतीत पक्का बसलाय, काढताना मोडेल. त्याऐवजी नागपूरच्या कारागिराकडून हुबेहूब नक्कल करून तू गावाला देशील, छत्री-घोड्यांसकट, वर पॉलिश.

फुलमती हसत सुटली. तिनं ते कोरकूत सासूला सांगितलं, तीही हसली. मग फुलमती म्हणाली, "मंग नक्कल तेइनं आपल्या भिंतीत लावाव ना. तुमच्या पाहुन्याइले काय समजते? आमच्या बुढ्याले समजते."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

सिंधू

अमरावती
१६ फेब्रुवारी २०२६

यशोधन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरियरनं पाठवते आहे. उद्या तुझ्या अकोल्याच्या पत्त्यावर पोचेल.

ग्रामसभा बसली होती. येत्या रविवारी, बावीस तारखेला, मंसारामची सिडोली ठरली आहे. मध्य प्रदेशातून त्यांचे सोयरे येणार आहेत, कुटकी दळून झाली आहे, ढोल ताणून झाले आहेत. त्या दिवशी नाच आहे. सहल त्या रविवारी बंद, पाहुण्यांना फळ्यावर लिहून सांगितलं आहे: 'रविवारी आमच्या घरचं काम आहे.'

मी फुलमतीला म्हटलं, माझ्या भावानं अजून हो म्हटलेलं नाही, मग तारीख कशी धरली?

ती म्हणाली, "तुमच्या हो-नाहीवर आमी पंचेचाळीस साल काढले. आता तारीख आमची."

"आणि मुंडा नाही आला तर?"

ती म्हणाली, सासूला आता एका डोळ्यानं दिसत नाही, दुसराही जातोय. मंसारामला तिच्या डोळ्यांदेखत उभा करायचा आहे. पण सासऱ्याची जागा रिकामी असताना सोमई आजी नवऱ्याला उभा करू देणार नाही. तिनं मरणाऱ्याला शब्द दिला आहे. मुंडा आला नाही तर रविवारी सोयरे जेवतील आणि परत जातील. मंसारामचा मुंडा पुन्हा आढ्याला. आणि पुढची तारीख पाहायला आजीचा डोळा राहणार नाही.

आता तुझ्या बाजूचं. तू म्हणशील, गाव मला कोर्टात खेचेल म्हणून मी घाबरावं का? नाही. ग्रामसभेनं ठराव केला आहे की कोर्टात जायचं नाही. कोर्टातल्या कागदांनीच नेलाय, म्हणे. तेव्हा तुझ्यावर कोणाचीही सक्ती नाही. राजीखुशीनं आणि दडपणाशिवाय या शब्दांना आपल्या घराण्यात एकदा तरी खरा अर्थ येण्याची ही वेळ आहे.

तू म्हणशील, रिसेप्शनच्या भिंतीत भोक पडेल, पाहुणे विचारतील. विचारू दे. उत्तर दे त्यांना. पितळी पाटीही उखड. ती माझी चूक आहे, ती मला परत कर.

तू म्हणशील, आप्पांचं नाव जाईल. आप्पांनी त्या सहांना सोडवलं, ते फाईलमध्ये आहे आणि राहील. पण सातवा माणूस त्यांनी सोडवला नाही, स्वतःकडे ठेवून घेतला. तो आपण सोडवू. वारसांना पुस्तकं आणि घरं मिळतात, तसे राहिलेले खटलेही मिळतात.

मी चिखलदऱ्याला येऊन तुझ्या दारात उपोषण करू शकते. मला ते येतं, तुला माहीत आहे. वर्तमानपत्रवाले येतील, फोटो छापून येईल, आणि सानू पुन्हा एकदा माझ्या फोटोत उभा राहील. ते मी करणार नाही. म्हणून हे पत्र फक्त तुला आहे आणि यात टाळ्यांची जागा नाही.

सोमई आजीनं एकच निरोप दिला आहे, तुझ्यासाठी. तिचे शब्द जसेच्या तसे: "त्याले सांग, लाकूड नको आनू. मानूस आन. डिक्कीत नको टाकू." म्हणजे पुढच्या सीटवर बसव, यशोधन. पट्टा लाव. फुलमती मुठव्याच्या ओट्याशी उभी असेल. ती बोलवेपर्यंत गाडीतून उतरू नकोस, मग मुंडा स्वतःच्या हातानं उचल. ड्रायव्हरच्या हाती देऊ नकोस, माझ्याही नाही. मी तिथं असेन, पण मागे, गप्प.

सागाला सिमेंट धरत नाही, लाकूड सुकून आकसलं असेल. गवंड्यानं कडेनं छिन्नी हळू चालवली तर तो अखंड निघेल. मी दोघा गवंड्यांना विचारलं आहे.

शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी आठ वाजता गवंडी बोलाव आणि मुंडा भिंतीतून काढ.

ताई